पक्ष वाचायचा राहिला

२०२१ च्या दिवाळीआधी माळा आवरताना मी सासूबाईंचं पितळी घंगाळ खाली घेत होते. स्टुलावर उभी होते, दोन्ही हात डोक्याच्या वर. घंगाळ माळ्याच्या काठावरून सुटलं आणि त्याचा सगळा भार क्षणभर उजव्या हातावर आला. मी पडले नाही, घंगाळही पडलं नाही. खांद्यात एक चमक निघाली, दंडाच्या मध्यापर्यंत उतरली आणि थांबली. पुढे कोणीही विचारलं की मी हेच सांगायचे: घंगाळाने खांदा गेला.

ही गोष्ट पुरती खरी नव्हती, हे मला एका डॉक्टरांनी दाखवून दिलं. आणि दुखणं सुरू कसं झालं हे नीट न विचारता दुसऱ्याला सल्ला दिला की काय होतं, ते माझ्या दिरांच्या हाताने दाखवलं. हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं, धीर होत नव्हता.

मी साताऱ्यात राहते आणि कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. तीस वर्षांच्या वर खडू धरला. त्या दिवाळीनंतर फळ्याचा वरचा अर्धा भाग माझ्यासाठी बंद झाला. हात खांद्याच्या उंचीला येईपर्यंत ठीक, तिथून पुढे कळ, आणि कसाबसा आणखी वर नेला तर कळ पुन्हा कमी. एसटीत वरची दांडी धरणं गेलं. वेणी घालणं गेलं, पाठीमागचा हूक लावणं गेलं. चहाचं पातेलं गाळणीवर कलंडवायचं म्हटलं तरी डाव्या हाताचा आधार लागायचा. दिवस निभावून नेता येत होता. रात्र नाही. उजव्या कुशीवर वळलं की ठणका सुरू, मग तीन वाजता उठून उशी काखेत धरून खुर्चीत बसायचं आणि उजाडायची वाट बघायची.

निदानं सगळ्यांकडे तयार होती. पन्नाशीनंतर बायकांचा खांदा आखडतोच, हे फ्रोझन शोल्डर, आपोआप जाईल, असं शिक्षक खोलीत एकमताने ठरलं. निरगुडीच्या पाल्याचा शेक झाला, गरम मिठाची पुरचुंडी झाली, मालिश करणाऱ्या बाई आठ दिवस येऊन गेल्या. कोणी म्हणालं, हात अजिबात हलवू नका. ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. दुखतंय ना, मग विश्रांती. औषधाच्या दुकानातून गळ्यात अडकवायची झोळी आणली आणि तीन आठवडे हात बांधून ठेवला. केलेल्या सगळ्या उपायांत हाच सगळ्यात वाईट होता. ज्या हालचाली तोवर जमत होत्या, त्याही त्या तीन आठवड्यांत आखडल्या.

जानेवारीत एमआरआय झाला. अहवालात लिहिलं होतं की सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूच्या कंडरेला आरपार चीर आहे, साधारण दीड सेंटिमीटरची. एका मोठ्या रुग्णालयातल्या सर्जननी फिल्म उजेडावर धरली, मला हात वर करायला सांगितलं, कळ आली तशी मी थांबले. ‘रोटेटर कफ फाटलाय. दुर्बिणीतून शिवून घेऊ. थांबलात तर चीर वाढेल.’ पाच-सात मिनिटांत सगळं झालं. फेब्रुवारीतली तारीख ठरली, विम्याची मंजुरीही आली.

माझी काहीही हरकत नव्हती, हे मला इथे स्वच्छ सांगितलं पाहिजे. डॉक्टरांनी मला भरीस पाडलं असं नाही. फाटलंय हा शब्द ऐकला आणि माझ्या मनात पुढचं सगळं आपोआप ठरलं. माझी आई गोधड्या शिवायची. जुन्या गोधडीचा काठ उसवलेला दिसला की हातातलं काम टाकून सुई-दोरा घ्यायची, कारण उसवलेलं वाढतच जातं. मी त्याच घरात वाढले. फाटलेलं शिवायचं, न शिवता बरं होण्याची भाषा करायची म्हणजे स्वतःची समजूत घालायची, हे माझं ठाम मत होतं. त्याच सुमारास आमच्या एका सेवानिवृत्त सहकाऱ्यांना त्यांच्या डॉक्टरांनी खांद्यासाठी नुसता व्यायाम दिला होता. मी त्यांना म्हटलं होतं, ‘सर, डॉक्टर बदला. ज्यांना काही सुचत नाही ते व्यायाम सांगतात.’

घरात ह्यांचाही पाठिंबा होता. हे क्रिकेटचे जुने भक्त. कुंबळेच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली म्हणून २००१ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका त्याला खेळता आली नव्हती, आणि तरी पुढे त्याने कसोटीत ६१९ बळींपर्यंत मजल मारली, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. सचिनच्या खांद्यावरही २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली होती. एवढे मोठे खेळाडू करून घेतात, मग आपण कशाला घाबरायचं? तिशीतला गोलंदाज आणि छप्पन्न वर्षांची मधुमेही शिक्षिका यांचे खांदे एका मापाने मोजायचे नसतात, हे तेव्हा ह्यांनाही सुचलं नाही आणि मलाही.

शस्त्रक्रियेच्या बारा दिवस आधी ताईने मला पुण्याला ओढून नेलं. तिच्या ओळखीचे एक वयस्कर अस्थिरोगतज्ज्ञ होते. मी केवळ तिचं मन राखायला गेले. एमआरआयचं पाकीट मी टेबलावर ठेवलं. त्यांनी ते बाजूला सरकवलं आणि विचारलं, ‘हे कसं सुरू झालं?’

मी घंगाळाची गोष्ट सांगितली.

‘त्याच्या आधी? त्या कुशीवर झोपत होतात?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. झोपत नव्हते. आदल्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घालताना उजवा दंड भरून यायचा. रात्री डाव्या कुशीवर वळायची सवय त्याच्याही आधीपासूनची. घंगाळाच्या दिवशी चमक निघाली हे खरं, पण दुखणं त्याच्या निदान वर्षभर आधीचं होतं. कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून मलाही आठवलं नव्हतं.

मग त्यांनी मला स्टुलावर बसवून मागून दोन्ही खांदे पाहिले. कोपर कुशीला लावून हात बाहेरच्या बाजूला फिरवला. आखडलेल्या खांद्यात ही हालचाल डॉक्टरांनी केली तरी होत नाही, सांधाच कुलूप लावल्यासारखा असतो. माझी थोडी अडत होती पण होत होती. ‘हे झोळीने केलंय, फ्रोझन शोल्डर नाही.’ नंतर माझा हात त्यांनी स्वतः वर नेला, पार कानापर्यंत, आणि म्हणाले, ‘आता मी सोडतोय, तुम्ही धरून ठेवा.’ दुखत होतं, पण हात राहिला. हळूहळू खाली आणा म्हणाले, तोही आला. ही तपासणी मी तेव्हा नीट लक्षात ठेवली. दोन वर्षांनी ती मला वेगळ्याच ठिकाणी आठवणार होती.

शेवटी त्यांनी शेजारच्या खोलीत खांद्याची सोनोग्राफी केली. उजव्याची केली आणि लगेच डाव्याचीही.

‘डावा दुखतो?’

‘कधीच नाही.’

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. डाव्या खांद्यातही तीच कंडरा फाटलेली होती. उजव्यापेक्षा चीर थोडी लहान, पण चीरच. ज्या हाताने मी चार महिने सगळं घर चालवत होते, तो हात.

‘मग ह्यालाही टाके घालायचे का?’ त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खांद्याची रचना त्यांनी मला कागदावर काढून दाखवली. खुब्याच्या सांध्यात खोल वाटी असते. खांद्यात वाटी नाही, बशी आहे, आणि तिच्यावर दंडाच्या हाडाचा मोठा गोळा टेकलेला. म्हणूनच हात असा चौफेर फिरतो आणि म्हणूनच तो घसरायलाही सोपा. त्या गोळ्याला पुढून, वरून आणि मागून चार स्नायू धरून असतात. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायू दोरीसारखे होऊन हाडाला चिकटतात ती टोकं, एकमेकींत मिसळून सदऱ्याच्या कफसारखा पट्टा तयार करतात. तोच हा रोटेटर कफ. खांद्यावरचा मोठा स्नायू हात उचलतो तेव्हा गोळ्याला वर ओढतो. हे चौघं त्याला बशीच्या मध्यावर दाबून धरतात. सगळ्यात वरची कंडरा हाडाच्या छपराखालून जाते, तिथला रक्तपुरवठाही तुटपुंजा असतो. वयाबरोबर ती झिजते, विरते, कधी आरपार जाते. पण हे सगळं इतकं सावकाश होतं की बाकीचे स्नायू तेवढ्या वेळात काम वाटून घेतात. मग कधीतरी निमित्त होऊन दुखायला लागतं. दुखणं शमवायचं आणि बाकीच्यांना बळकट करायचं, हा व्यायामाचा अर्थ. ‘चीर बुजणार नाही,’ ते म्हणाले. ‘खोटं सांगत नाही. पण हात चालेल. तीन महिने मनापासून करा. नाही जमलं तर शस्त्रक्रिया मीही करतो, कुठे जात नाही.’

मी गणिताची बाई. डॉक्टरांनी आकडे दाखवले तेव्हा थोडी हलले, घरी येऊन स्वतः वाचले तेव्हा जास्त. अमेरिकेत १९९५ साली ज्यांना खांद्याची काहीच तक्रार नाही अशा ९६ जणांच्या खांद्यांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या ३४ टक्के खांद्यांत कफ फाटलेला होता; साठीच्या पुढच्यांमध्ये ५४ टक्के. म्हणजे साठी उलटलेल्या, न दुखणाऱ्या खांद्यांतही निम्म्याहून जास्त फिल्मवर ‘फाटलेले’. फिनलंडमध्ये पंचावन्नच्या पुढच्या लोकांचे सुप्रास्पायनेटस फाटलेले १८० खांदे घेऊन तीन गट केले: एकाला नुसता व्यायाम, दुसऱ्याला व्यायाम आणि वरचं हाड तासणं, तिसऱ्याला हे दोन्ही आणि शिवाय टाके. वर्षभराचे निकाल २०१४ साली छापून आले, तीन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. अमेरिकेतल्या आणखी एका मोठ्या पाहणीत आरपार चीर असलेल्या चारशेहून जास्त रुग्णांना आधी व्यायाम दिला. दोन वर्षांत त्यांतल्या जेमतेम पाव लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली. आणि कोण शस्त्रक्रियेकडे वळलं, हे सगळ्यात जास्त कशावर ठरलं? चिरेच्या आकारावर नाही. व्यायामाने फरक पडेल असं ज्यांना सुरुवातीपासून वाटतच नव्हतं, ते वळले. मी आमच्या त्या सेवानिवृत्त सरांना काय म्हटलं होतं ते मला आठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून माफी मागितली. फेब्रुवारीतली तारीख रद्द केली.

रात्रीची झोप परत यावी म्हणून डॉक्टरांनी खांद्यात एक इंजेक्शन दिलं होतं. त्याने माझी साखर काही दिवस चढली, पण दीड महिन्यात पहिल्यांदा सलग सहा तास झोपले. व्यायाम साताऱ्यातल्या एका तरुण फिजिओताईंनी शिकवला. सुरुवातीला टेबलाला डावा हात टेकून ओणवं व्हायचं आणि उजवा सैल सोडून लोलकासारखा झुलू द्यायचा. मग काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकलायचा. मग काखेत पंचाची गुंडाळी धरून रबरी पट्टा ओढायचा, आणि पुढे पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली उचलायची. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण ते दुसऱ्या सकाळपर्यंत राहता कामा नये. राहिलं तर एक पायरी खाली. हा एकच नियम त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतला.

भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम मी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी करायचे आणि बोटं जिथे थांबतील तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख घालायचे. पहिली रेघ जमिनीपासून १३१ सेंटिमीटरवर. बारा दिवस बोटं त्याच रेघेवर थांबत होती, त्यातले दोन दिवस तर खाली आली. त्या बारा दिवसांत मी मनातून रोज रद्द केलेली तारीख पुन्हा घेत होते. तेराव्या दिवशी १३४. मग एकदम १४१. सहाव्या आठवड्यात मी स्वतःची वेणी स्वतः घातली. एप्रिलमध्ये, परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या तासाला, फळ्याच्या सगळ्यात वरच्या ओळीत उजव्या हाताने ‘उजळणी’ असं लिहिलं. घरच्या भिंतीवरची शेवटची रेघ १८७ वर आहे. रंगकाम झालं तेव्हा तेवढी पट्टी मी रंगवू दिली नाही.

इथपर्यंतची गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल याची मोजदाद नाही. शिक्षक खोलीत, भिशीत, लग्नकार्यात. कोणी खांद्यावर हात ठेवून ‘आई गं’ म्हटलं की मी पुढे सरसावायचे. डाव्या खांद्याच्या सोनोग्राफीपर्यंत आले की ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारायचे, ते मला आवडायचं. फिजिओताईंचे व्यायाम मी मोबाइलवर चित्रित करून ठेवले होते, ते पाठवायचे. बऱ्याच जणींना गुण आला, हेही खरं आहे. पण मी पहिलं ठाम मत टाकून त्याच्या जागी दुसरं तितकंच ठाम मत बसवलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

माझे धाकटे दीर गावी शेती करतात, वाईच्या अलीकडे. तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. जुलै २०२३ च्या पावसात आल्याच्या शेताच्या बांधावरून त्यांचा पाय सटकला आणि सगळं अंग उजव्या खांद्यावर आलं. त्या संध्याकाळपासून हात वर जाईना. तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नव्हतं, मुका मार आहे म्हणून गोळ्या आणि मलम मिळालं. एक्स-रेत हाड दिसतं, कंडरा दिसत नाही, हे तेव्हा त्यांना कोणी सांगितलं नाही. मला ते माहीत होतं.

आठवड्याने त्यांचा फोन आला. ‘वहिनी, हात उचलतच नाही. तुमचंही असंच झालं होतं ना?’

मी म्हटलं, ‘अगदी असंच, भाऊजी. घाबरू नका. एमआरआयच्या फंदात पडू नका, त्यात फाटलेलं दिसतंच आणि मग शिवायला सांगतात. मी व्यायाम पाठवते, तीन महिने मनापासून करा.’

हे माझे शब्द आहेत. नंतर मी ते मनात पुष्कळदा उलटसुलट केले, सौम्य करता येतात का पाहिलं. येत नाहीत. पडल्यावर किती वेळात हात गेला, आधी कधी दुखत होतं का, दुसऱ्याने उचलून धरला तर टिकतो का, यातलं मी एकही विचारलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी मला विचारलेला पहिला प्रश्नसुद्धा विचारला नाही. ऑगस्टमध्ये फरक नाही म्हणाले तेव्हा मी माझ्या बारा दिवसांच्या रेघेची गोष्ट सांगून त्यांना धीर दिला. भाऊजी शब्दाचे पक्के. रोज सकाळी ओसरीवर व्यायाम करत होते, असं जाऊबाई सांगतात.

दिवाळीला आम्ही गावी गेलो. वसुबारसेच्या संध्याकाळी भाऊजी आकाशकंदील लावायला उभे राहिले. कंदील त्यांनी डाव्या हातात धरला होता आणि उजव्याने दोर खिळ्यावर टाकायला बघत होते. उजवा हात वर जायच्या ऐवजी खांदाच कानाकडे गेला आणि हात छातीच्या खालीच राहिला. त्यांनी कंदील खाली ठेवला, डाव्या हाताने उजवं कोपर वर ढकललं आणि पुन्हा प्रयत्न केला. मी तुळशीपाशी पणती घेऊन उभी होते. पणती ठेवली आणि त्यांच्याकडे गेले.

‘भाऊजी, हात सैल सोडा.’ मी त्यांचा हात माझ्या हातांनी वर नेला. पार वर गेला, कुठेही न अडता. त्यांना फारसं दुखलंही नाही. ‘आता धरून ठेवा,’ म्हटलं आणि सोडला. हात दगडासारखा खाली पडला.

त्यांना त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला.

एमआरआय भाऊबीज झाल्यावर लगेच केला. चीर मोठी होती, एका कंडरेची नव्हे, दोघींची. सर्जननी समजावून सांगितलं की रहाटाचा दोर तुटला की तो काठावर राहत नाही, विहिरीत जातो. तशी अपघाताने फाटलेली कंडरा स्नायूच्या ओढीने मागे मागे सरकते. इकडे काम नसलेला स्नायू सुकतो आणि त्यात चरबी भरते. ती भरली की पुढे टाके घातले तरी ती मागे फिरत नाही. झिजून सावकाश विरलेली चीर वेगळी आणि काल चालणारा हात आज पडून जायबंदी झाला ती चीर वेगळी. दुसऱ्या प्रकारात पहिले काही आठवडे मोलाचे. डिसेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. एक कंडरा जागेवर आली, दुसरी पुरती ओढली जाईना, जेवढी आली तेवढी बसवली. जुलैमध्येच आले असते तर हात पहिल्यासारखा झाला असता का, असं मी विचारलं. सर्जन म्हणाले, खात्री कोणीच देऊ शकत नाही, पण शक्यता नक्कीच जास्त होती.

मी घरी आले आणि तो फिनलंडचा अभ्यास पुन्हा काढला. जो मी दोन वर्षं लोकांना सांगत होते. त्यात कोणते रुग्ण घेतले, हे सुरुवातीलाच लिहिलेलं आहे: अपघाताने न फाटलेले. अमेरिकेतल्या त्या चारशे जणांच्या पाहणीतही तेच. पडून फाटलेल्यांना त्यात घेतलेलंच नव्हतं. मी ती ओळ वाचली होती. डोळ्यांखालून गेली होती.

नववीच्या भूमितीत आम्ही आधी पक्ष लिहायला शिकवतो, मग साध्य, मग सिद्धता. पक्ष म्हणजे काय काय दिलेलं आहे. एखाद्या मुलाने त्रिकोण काटकोन आहे की नाही हे न बघता पायथागोरसचं प्रमेय लावलं तर मी उत्तराखाली लाल रेघ मारते आणि वर्गात म्हणते, ‘पक्ष वाचला होतास का?’ तीस वर्षं म्हणत आले. भाऊजींच्या बाबतीत मी पक्ष वाचला नाही. माझ्या खांद्याचा पक्ष त्यांच्या खांद्याला लावला.

आता भाऊजींचा हात खांद्याच्या उंचीपर्यंत येतो. दुखणं जवळपास गेलंय, रात्री झोप लागते. डोक्यावर वैरणीचा भारा चढवता येत नाही, पाठीवरच्या पंपाने फवारणी करता येत नाही. त्या कामाला दरवेळी माणूस लावावा लागतो. मी त्यांच्याजवळ चूक कबूल केली तेव्हा ते म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही काय डॉक्टर आहात का? मीच दाखवायला पाहिजे होतं.’ त्यांनी असं म्हणणं हा त्यांचा मोठेपणा. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मला रास्त वाटतं.

म्हणून मी पुन्हा पहिल्या मताकडे गेले का? नाही. वयाने विरलेली कंडरा फिल्मवर दिसली म्हणून लगेच शिवायला धावायचं नाही, हे मला आजही तितकंच पटतं. माझे स्वतःचे व्यायाम आठवड्यातून तीनदा चालू आहेत, आणि वर्षातून एकदा दोन्ही खांद्यांची सोनोग्राफी करून घेते, कारण अशा काही चिरा पुढे वाढतातही. बदललं ते एवढंच की खांद्याचं नाव काढलं की मी आता सल्ला देत नाही, विचारते. कधीपासून? पडला होतात का? हिसका बसला होता का? त्याच्या आदल्या दिवशी हात चालत होता का? मोबाइलवरची ती चित्रफीत मी काढून टाकली, आणि ज्यांना पाठवली होती त्या प्रत्येकीला फोन करून हे प्रश्न विचारले. एकजण महिन्यापूर्वी स्कूटरवरून पडलेली निघाली. तिला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं.

तुमच्या घरात कोणी पडलं, कोणाचा खांदा निखळून पुन्हा बसवला, आणि त्यानंतर हात वर जात नसेल किंवा दुसऱ्याने उचलून दिलेला हात टिकत नसेल, तर एक्स-रे चांगला आला म्हणून थांबू नका, मालिश करू नका, कोणाचे व्यायाम मागवू नका. त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि पडलात हे पहिल्याच वाक्यात सांगा.